श्वासाचे मोजमाप

ग्वाल्हेरास गेलेला मराठी माणूस फूलबागेत गेल्यावाचून सहसा परतत नाही. १८५८ च्या जून महिन्यात लढता लढता पडलेल्या झाशीच्या राणीची समाधी तेथे आहे. मंदिर, मशीद व गुरुद्वारा हीही त्याच परिसरात आहेत. परंतु आज आम्हांस तेथील इतिहासाविषयी नव्हे, तर हवेविषयी लिहावयाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली शहरांच्या हवेची जी यादी प्रसिद्ध केली, तीत सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत ग्वाल्हेरचा क्रम इराणातील झाबोलच्या खालोखाल दुसरा होता. एका घनमीटर हवेत वर्षाची सरासरी १७६ मायक्रोग्रॅम! संघटनेची तेव्हाची मर्यादा होती अवघी १०.

आपण खेड्यातली माणसे. शहराच्या धुराशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्याने घरच्या चुलीपाशी घटकाभर बसून पाहावे. जिने जन्मात विडीला हात लावला नाही, अशा बाईची फुप्फुसेही वर्षानुवर्षांच्या धुराने दुर्बळ होतात. मिस्सेला जाताना चर्चच्या पायऱ्यांवर तिला धाप लागते. घरची माणसे म्हणतात, वय झाले. आणि तीही तेच मानून गप्प बसते. हे गप्प बसणेच आम्हांस घातक वाटते. हा आजार आरंभी क्ष-किरणांच्या चित्रात दिसेलच असे नाही. तो सापडतो श्वास मोजल्याने.

या परीक्षेस स्पायरोमेट्री म्हणतात. १८४६ साली जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरांनी दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मोजला व उंचीप्रमाणे त्याचे प्रमाण वाढते असे दाखविले. म्हणूनच आजही प्रथम आपली उंची व वय टिपून घेतात. मग खुर्चीवर ताठ बसवून नाकास चिमटा लावतात. तोंडात नळी घट्ट धरून छाती भरेल तितका श्वास घ्यावयाचा आणि सारे बळ एकवटून तो एकदम सोडावयाचा. तेवढ्यावर थांबावयाचे नाही; सहा सेकंद किंवा त्याहून अधिक, छाती रिकामी होईपर्यंत फुंकत राहावयाचे. जवळ उभा असलेला माणूस "आणखी, आणखी" असे ओरडत असतो. तो रागावलेला नसतो; त्याचे कामच ते! असे निदान तीन वेळा करावे लागते. खोकला येतो, थोडी भोवळही येते. पण सुई नाही, रक्त काढणे नाही.

पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, यावर सारी मदार असते. नंतर श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध हुंगावयास देऊन सुमारे पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकावयास लावतात. आकडा पुष्कळ सुधारला तर दम्याची शंका बळावते. औषधानंतरही पहिल्या सेकंदाचा वाटा एकूण हवेच्या शेकडा ७० हून कमीच राहिला, तर नलिका कायमच्या अरुंद झाल्या असाव्यात. दगडखाणीत काम केलेल्यांनी ते आवर्जून सांगावे. दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसचा उलगडा केवळ फुंकरीने होत नाही, क्ष-किरणचित्रही लागते.

जाताना सैल कपडे घालावेत, पोटभर जेवू नये, विडी तर मुळीच ओढू नये. नेहमीचे औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांस विचारावे. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, डोळ्याची वा पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, क्षय असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर ते आधीच सांगावे.

गेलेली शक्ती बहुधा परत येत नाही. परंतु धूर सुटला व औषध नियमित चालले, तर उरलेली टिकविता येते. परीक्षेचा कागद मात्र जपून ठेवावा. पुढील खेपेचा आकडा त्याच्याशीच ताडून पाहतात.