पिलाची पेटी आणि ग्वाल्हेरचा उन्हाळा

सापाचे पिलू घरी आणायचे तर आधी पेटी तयार हवी, आणि पेटीच्याही आधी कागद. विदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम २०२४ मध्ये आले. सापापुरता कायद्याचा मथितार्थ असा: नाग, धामण, अजगर, मांडूळ, तस्कर, कुठलाही देशी साप घरात पाळता येत नाही, मग तो परसात सापडलेला असो की नागपंचमीला गारुड्याच्या करंडीतून सोडवलेला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याला आड येतो. उरतात ते विदेशी साप. त्यांतला आफ्रिकेचा बॉल पायथन वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइट्स’ करारातला, म्हणून कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत. तो ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंद करावी लागते. अमेरिकेचा कॉर्न स्नेक त्या यादीत नाही. तरी त्याचीही पावती जपून ठेवलेली बरी. वनखात्याचा माणूस दारात उभा असताना कॉर्न स्नेक आणि तस्कर यांतला फरक तोंडी पटवून देणे सोपे नसते.

ग्वाल्हेरला नागाचे अप्रूप तसे जुने. शिंद्यांच्या राजचिन्हावर दोन नाग आहेत, आणि घराण्याच्या एका पूर्वजावर नागाने फणा धरून सावली केल्याची कथा प्रसिद्ध आहे. पाळीव सापाच्या बाबतीत गरज उलटी असते. सावली माणसाने धरायची असते, कारण या शहरात पेटीतल्या सापाचा सर्वांत मोठा वैरी ऊन आहे.

सापांच्या पेट्यांविषयीची बहुतेक पुस्तके आणि व्हिडिओ थंड देशांतल्या घरांसाठी केलेले असतात. तिथे सगळी चिंता पेटी गरम कशी राहील याची. ग्वाल्हेरात ती चिंता डिसेंबर-जानेवारीपुरती, जेव्हा पहाटे पारा चार-पाच अंशांवर उतरतो. मे-जूनमध्ये तोच पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, लू सुटते, आणि वरच्या मजल्यावरची बंद खोली दुपारभर भाजत राहते. साप शरीरात उष्णता तयार करून ती टिकवू शकत नाही. जागा बदलून तो आपले तापमान सांभाळतो. म्हणून पेटीत एक कोपरा ऊबदार आणि दुसरा गार असावा लागतो. बॉल पायथनला साधारण ३१-३२ अंश आणि २५-२६ अंश, कॉर्न स्नेकला दोन्हीकडे दोन-तीन अंश कमी. ऊब कमी पडली तर गिळलेला उंदीर पोटात पचत नाही, सडतो आणि उलटून पडतो. उष्णता फार झाली तर पिलू तासाभरातही दगावू शकते.

पेटी ठेवण्याची जागा म्हणूनच पेटीपेक्षा आधी ठरवावी. तळमजला, उत्तरेकडची भिंत, खिडकीपासून लांब. शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती इथे कामी येतात; नव्या वस्तीतला पत्र्याखालचा किंवा गच्चीलगतचा मजला अजिबात नको. काचेवर थेट ऊन पडू देणे म्हणजे पिलाला भट्टीत ठेवणे, मग ऊन हिवाळ्याचे का असेना. डेझर्ट कूलर मे महिन्यात चांगला उपयोगी पडतो, कारण हवा कोरडी असते आणि तो गारव्याबरोबर ओलही देतो. श्रावणात तोच कूलर खोली नुसती दमट करतो.

पेटी कशाची घ्यावी यावर शौकिनांत वाद आहेत, आणि त्यांतले निम्मे हौसेपोटी आहेत. काचेची पेटी दिसायला छान, पण हिवाळ्यात ऊब धरत नाही आणि वर जाळी असेल तर ओलही उडून जाते. माशांची टाकी तर मुळात वरून उघडणारी. सापाला खाणारे पक्षी वरून झडप घालतात, त्यामुळे वरून येणाऱ्या हाताला पिलू हमखास बिचकते. पुढून सरकत्या दारांची पीव्हीसीची पेटी उत्तम. ती न मिळाल्यास घट्ट झाकणाचा, कडीचा प्लॅस्टिकचा डबा वर्षभर बिनदिक्कत चालतो. बाजूंना बारीक भोके पाडावीत आणि त्यांच्या आतल्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात. पिलाचे डोके जाईल तिथून पूर्ण पिलू जाते. पेन्सिल आत शिरेल अशी कुठलीही फट, वायरीसाठी ठेवलेली खाचसुद्धा, पळवाट समजावी.

आकाराबाबत मत बदलते आहे. ‘लहान सापाला लहान डबा, नाहीतर तो घाबरून खात नाही’ असे पूर्वी छातीठोकपणे सांगितले जाई. २०१९ मध्ये ब्रिटनचे जीवशास्त्रज्ञ क्लिफर्ड वॉरविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदिस्त सापांचे निरीक्षण करून दाखवले की सापांना अंग सरळ ताणून पडायला आवडते, आणि तेवढी जागा त्यांना मिळायला हवी. पिलू मोठ्या पेटीत घाबरते ते जागा जास्त म्हणून नव्हे, आडोसा कमी म्हणून. साठ सेंटिमीटर लांब, पंचेचाळीस रुंद अशी भरगच्च पेटी फूट-दीड फुटाच्या पिलाला पुरते. विक्रेत्यांच्या कपाटांत खणाखणांतून साप ठेवायची जी पद्धत आहे ती विक्रेत्याच्या सोयीची आहे, घरी तिची नक्कल करायचे कारण नाही.

आडोशाचे महत्त्व मराठी माणसाला सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांच्या गोष्टीतून अधिक चांगले उमगेल. १९८० मध्ये पुण्यात ते ७२ विषारी सापांसह ७२ तास काचेच्या केबिनमध्ये राहिले. साप उगाच कुणाला चावत नाही हे लोकांना दाखवणे हा त्यांचा हेतू होता, आणि ते त्यांनी गिनेसच्या विक्रमासह दाखवले. पुढे १९८६ मध्ये कात्रजचे सर्पोद्यान त्यांच्या पुढाकाराने उभे राहिले. त्या केबिनची छायाचित्रे पाहून साप पाळण्याची हुक्की येणारे पुष्कळ असतील. पण त्यातून घ्यायचा धडा वेगळा आहे. सापाला माणसाचे काही पडलेले नसते. त्याला कोपरा हवा असतो. बॉल पायथन जंगलात उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत दिवस काढतो, तेव्हा काचेआड उघड्यावर पडून राहणे ही त्याच्यासाठी सजाच.

पेटीत किमान दोन आडोसे हवेत, एक ऊबदार टोकाला आणि एक गार टोकाला. एकच असला तर पिलू ऊब आणि लपणे यांत लपणे निवडते आणि गारठून उपाशी राहते. आडोसा ऐसपैस नको. वेटोळ्याला कडा लागतील इतका तंग हवा. महागडी प्लॅस्टिकची गुहा घेण्यापेक्षा कुंभाराकडचे सुगड उपडे घालून काठाला खाच पाडावी आणि कडा घासावी. तसाच मातीचा पसरट, जड वाडगा पाण्याला ठेवावा. त्याला चकाकीचा लेप नसल्याने पाणी झिरपून गार राहते, उन्हाळ्यात पिलू त्यात जाऊन बसते.

गरम करायला पेटीच्या बाहेरून, तळाच्या एक तृतीयांश भागाखाली हीट मॅट लावतात, आणि ती थर्मोस्टॅटशिवाय कधीही लावू नये. पैसे कमी असतील तर पेटी साधी घ्यावी, थर्मोस्टॅट नाही. थर्मोस्टॅट मॅट बंद करू शकतो, खोली गार करू शकत नाही. मे महिन्यात त्याचा दिवा दिवसभर विझलेला दिसला म्हणजे सगळे ठीक आहे असे नव्हे. तेव्हा गार टोकाशी, पेटीच्या बाहेर, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली टेकवावी लागते. हिवाळ्यात वीज गेली तर पेटीला तीन बाजूंनी थर्माकोल लावून वर गोधडी टाकावी, हवेची भोके मोकळी ठेवून. थर्मोस्टॅटची तार आत बसवताना चिकटपट्टी वापरू नये. पिलू तिला अडकते आणि सोडवताना कातडी सोलून निघते. तसे झालेच तर ओढाओढ न करता खाण्याचे तेल चोळून पट्टी सैल करावी.

तळाशी पहिले महिना-दीड महिना कागदच बरा. विष्ठा, माइट, रक्ताचा डाग, सगळे त्यावर लगेच दिसते. या कामी रविवारची पुरवणीही चालते. नंतर कोकोपीट घालता येते. सुताराकडचा देवदार-चिडाचा भुसा फुकट मिळाला तरी नको, त्यातल्या तेलाने श्वसनाला त्रास होतो. बॉल पायथनला आर्द्रता ५५ ते ६५ टक्के लागते. उन्हाळ्यात ती घसरली की कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यावरची टोपी तशीच राहते. ओले शेवाळ भरलेला एक डबा आत ठेवला तर हे टळते. ऑगस्टमध्ये उलट पोटाखालचे खवले कुजतात, तेव्हा वारा वाढवावा.

पिलू आल्यावर आठवडाभर त्याला हात लावू नये आणि दोन पिले एका पेटीत ठेवू नयेत. पहिला उंदीर मेलेला, गोठवलेला आणि नंतर ऊबदार पाण्यात वितळवलेला द्यावा. खाल्ल्यावर दोन दिवस पुन्हा शांतता. घरातल्या लहान मुलांनी पेटीला हात लावला तर साबणाने धुवावा, सापांच्या विष्ठेतून साल्मोनेला पसरतो.

वर्ष-दोन वर्षांत ही पेटी अपुरी पडते. पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला चार फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा लागते, आणि तीही दीर्घ काळासाठी. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या साठी ओलांडलेल्या मादीने २०२० मध्ये अंडी घातली होती. एवढा काळ सांभाळणे जमत नसेल तर साप शहराजवळच्या तिघऱ्याच्या डोंगराळ भागात किंवा चंबळकाठी सोडून येणे हा पर्याय नाही. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून सुटलेल्या बर्मी अजगरांनी तिथले अनेक सस्तन प्राणी जवळपास संपवले. साप दुसऱ्या पाळणाऱ्याकडे द्यावा, आणि तो चौथ्या अनुसूचीतला असेल तर हस्तांतराची नोंद ‘परिवेश’वर करावी.