टाकी फुल केली की गाडी बरी का होते?

तुम्ही पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करत असाल, तर संशोधनपद्धतीच्या पेपरसाठी 'चल', 'नियंत्रण', 'गृहीतक' हे शब्द पाठ करत असाल. मीही केले होते. पण त्यांचा अर्थ मला नीट कळला तो गेल्या हिवाळ्यात, बाबांच्या पंधरा वर्षं जुन्या डिझेल एसयूव्हीच्या खाली आडवं पडून. तीच गोष्ट आज सविस्तर सांगते. तुमचा विषय रसायनशास्त्र असो, शेतीशास्त्र असो किंवा समाजशास्त्र, यातली चूक तुमच्याही वाट्याला येणार आहे.

आमचं गाव पाचगणीजवळ आहे. आजीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी साताऱ्याला न्यावं लागतं, म्हणजे जाताना पसरणी घाट उतरायचा आणि येताना चढायचा. गाडीने दोन तक्रारी सुरू केल्या. एक, सकाळी सेल्फ मारल्यावर आठ-दहा सेकंद नुसती फिरायची आणि मग चालू व्हायची. दोन, येताना घाटात पिकअप घ्यायची नाही, इंजिनाचा दिवा लागायचा आणि एकदा तर भर वळणावर बंद पडली. आजी मागच्या सीटवर होती.

आधी डिझेलचा रस्ता समजून घेऊ

आमच्या गाडीत कॉमन रेल पद्धत आहे. डिझेल टाकीतून पाइपाने फिल्टरकडे येतं, तिथून हायप्रेशर पंपात आणि पंपातून 'रेल' नावाच्या जाड नळीत. रेलमध्ये ते प्रचंड दाबाखाली साठतं आणि तिथून चारही इंजेक्टरना मिळतं. उरलेलं डिझेल रिटर्न लाइनने टाकीत परत जातं.

दाब किती? प्रवासी गाडीत ही पद्धत पहिल्यांदा १९९७ मध्ये आली, तेव्हा कमाल दाब १३५० बार होता. पुढच्या पिढीत तो १६०० बारपर्यंत गेला. आपल्या भोवतीच्या हवेचा दाब साधारण १ बार असतो, त्यावरून अंदाज करा. इंजिन नुसतं चालू असताना रेलमध्ये अडीचशे-तीनशे बार लागतात. चालू होण्यापूर्वी तो साधारण दीडशे-दोनशे बारपर्यंत चढावा लागतो, तोपर्यंत गाडीचा संगणक इंजेक्टर उघडतच नाही. (म्हणूनच इंजिन चालू असताना हायप्रेशर लाइनचा नट कधीही सैल करू नका. बारीक फवारासुद्धा कातडीच्या आत घुसतो आणि हात गमवायची वेळ येऊ शकते.)

आता महत्त्वाची गोष्ट. आमच्या गाडीत टाकीच्या आत विजेचा पंप नाही. पुढचा पंपच टाकीतून डिझेल ओढून घेतो, आपण स्ट्रॉने उसाचा रस ओढतो तसं. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या भागात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे कुठे चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. खाली एक थेंबही दिसत नाही. आमच्या लॅबमध्ये एचपीएलसीच्या पंपाला हाच आजार होतो. आत येणाऱ्या नळीचा जोड सैल असला की टेबल कोरडं, पण दाब मात्र वरखाली नाचतो. हवा दाबली की आकसते, डिझेल जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे बुडबुडे आले की पंपाची मेहनत बुडबुडे दाबण्यातच जाते.

कोड हे उत्तर नसतं

मेकॅनिककाकांनी स्कॅनर लावला. पी-००८७ असा कोड आला. त्याचा अर्थ एवढाच, की रेलमधला दाब हवा त्यापेक्षा कमी आहे. कोणामुळे, ते कोड सांगत नाही. ताप १०२ आहे हे थर्मामीटर सांगतो, मलेरिया की डेंग्यू ते सांगत नाही, तसंच हे.

संशयित बरेच होते. फिल्टर चोंदलेला, ओढणीच्या बाजूला हवा शिरते आहे, टाकीतली जाळी तुंबलेली, हायप्रेशर पंप झिजलेला, एखादा इंजेक्टर आतल्या आत रिटर्नमध्ये जास्त डिझेल सोडतो आहे, किंवा दाब मोजणारा सेन्सरच खोटं बोलतो आहे. थंडीचे दिवस असल्यामुळे शेजाऱ्यांनी ग्लो प्लगवरही संशय घेतला.

तीन दुरुस्त्या, तिन्ही 'यशस्वी'

पहिल्यांदा फिल्टर बदलला. गाडी सहा दिवस छान चालली, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा इंजेक्टर काढून साफ केले. पुन्हा आठवडाभर आराम. तिसऱ्यांदा सेन्सर बदलला. पाच दिवस बरे गेले. मग काका म्हणाले, "ताई, पंपच गेलाय. आता किती दिवस ढकलणार?" पंपाचा खर्च माझ्या एका महिन्याच्या फेलोशिपपेक्षा जास्त होता. बाबा तयार होते. "पैशाचं बघू गं, पण आजीला घेऊन घाटात अडकलो तर?"

इथे काकांना दोष देऊ नका. फिल्टर स्वस्त असतो आणि बहुतेक वेळा दोषी तोच असतो, त्यामुळे सुरुवात तिथून करणं बरोबरच होतं. मला खटकलं ते वेगळंच. प्रत्येक वेळी गाडी आधी बरी होऊन मग का बिघडत होती? फिल्टर दोषी नसेल, तर तो बदलल्यावर सहा दिवस आराम कसा पडला?

बाबांची वही

बाबांना डिझेलचा हिशोब लिहायची सवय आहे. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये. गाडीने त्रास दिला की समासात 'सेल्फ लांबला' किंवा 'घाटात दम' असंही लिहितात. मी तीन महिन्यांच्या नोंदी काढून प्रत्येक त्रासासमोर एकच आकडा मांडला: शेवटची टाकी फुल केल्यापासून गाडी किती चालली होती?

अकरा नोंदी होत्या. त्यातल्या दहा अडीचशे किलोमीटरनंतरच्या. अकरावी फक्त ऐंशी किलोमीटरवरची होती, पण त्या दिवशी बाबांनी घाईत पाचशे रुपयांचंच डिझेल टाकलं होतं. म्हणजे त्याही वेळी टाकी खालीच होती.

आणि दुरुस्तीचे तीन दिवस? गॅरेज वाईला आहे. घाट चढण्याआधी बाबा नेहमी वाईच्याच पंपावर टाकी फुल करतात. तिन्ही वेळा गॅरेजमधून निघून त्यांनी तेच केलं होतं.

म्हणजे एकाच दिवशी दोन गोष्टी बदलत होत्या, पार्ट आणि टाकीतली पातळी. आम्ही श्रेय पार्टला दिलं. पुस्तकात ज्याला 'गोंधळात टाकणारं चल' म्हणतात, ते हेच. परीक्षेत त्याची व्याख्या मी बरोबर लिहिली होती, घरात मात्र तीन महिने ते मला दिसलं नाही.

प्रयोग कसा मांडला

वहीतून संबंध दिसला, पण कारण सिद्ध झालं नव्हतं. घाटातला बिघाड हुकमी घडवता येत नव्हता आणि तसं करणं धोक्याचंही होतं. म्हणून मी मोजण्यासाठी सकाळचा सेल्फ निवडला. उभ्या गाडीत होतो, रोज होतो आणि मोबाइलवर सेकंद मोजता येतात.

आधी स्वस्तात बाद होतील ते संशयित बाद केले. रात्रभर बंद गाडीची नुसती चावी फिरवली तर स्कॅनरवर रेलचा दाब जवळजवळ शून्य दिसत होता, म्हणजे नवा सेन्सर खरं बोलत होता. सेल्फ मारताना तोच दाब फार हळू चढत होता. ग्लो प्लग खराब असते तरी दाब वेळेवर चढला असता, म्हणून तेही सुटले. इंजेक्टरच्या रिटर्नला चार सारख्या बाटल्या लावल्या. चारही जवळपास सारख्याच भरल्या, तेव्हा इंजेक्टरवरचा संशय बराच कमी झाला.

मग रस्त्याचे दोन भाग केले. फिल्टरच्या आधी पाइप सोडवून दोन्ही नळ्या, येणारी आणि रिटर्न, स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवल्या. गाडी कॅनवर नीट चालू झाली तर दोष टाकीकडच्या बाजूला. नाही झाली तर पंपाकडे. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी निम्मे संशयित कमी होणार होते.

काका कॅन बॉनेटवर ठेवायला निघाले. मी थांबवलं. कॅन उंचावर असेल तर डिझेल आपोआप खाली उतरेल, ओढावं लागणारच नाही. पुढच्या भागात चीर असली तरी ती झाकली जाईल आणि तुलना खोटी ठरेल. कॅन जमिनीवर ठेवला. दुसरी शंका अशी, की जोड काढून पुन्हा लावल्यामुळेच गाडी बरी झाली तर? म्हणून एक रात्र टाकी, एक रात्र कॅन अशी आलटून पालटून जोडणी केली. दर संध्याकाळी जोड नव्याने लावायचा, हवा काढायची, दहा मिनिटं इंजिन चालवायचं आणि रात्रभर सोडायचं. त्या दिवसांत आजीला शेजाऱ्यांच्या गाडीने नेलं.

पाव टाकीवर आकडे आले ९, ११ आणि १० सेकंद. कॅनवर २, ३ आणि २. पंप निर्दोष होता. मग कॅन टाकीच्या तोंडाशी नेला आणि पूर्ण जुना पाइप मधे ठेवला. दोन्ही सकाळी २ सेकंद. पाइपही सुटला. उरली टाकीच्या आतली नळी.

टाकी उघडण्याआधी मी वहीत एक वाक्य लिहिलं: 'आतल्या नळीला वरच्या बाजूला चीर असेल तर टाकी फुल असताना ती डिझेलमध्ये बुडेल, हवा शिरणार नाही आणि सेल्फ ५ सेकंदांच्या आत लागेल.' टाकी फुल केली. तीन सकाळी २, ३, २. पुढच्या काही दिवसांत डिझेल संपत पाववर आलं आणि सेल्फ पुन्हा ९ सेकंदांवर गेला.

मग काकांनी टाकीतला फ्लोटचा सांगाडा बाहेर काढला. डिझेल ओढणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीवर, मध्याच्या जरा वर, केसाएवढी चीर होती. दोन्ही तक्रारी त्या एकाच चिरेच्या. रात्रभर तिथून हवा शिरून पाइपातलं डिझेल टाकीत परत उतरायचं, म्हणून सकाळी सेल्फ लांबायचा. घाटात मागणी वाढली की पंप जोरात ओढायचा आणि बुडबुडे यायचे. नळी बदलायचा खर्च पंपाच्या तुलनेत किरकोळ होता.

तुमच्या संशोधनात याचा उपयोग

गाडीनंतर मी माझ्या प्रयोगवह्या काढल्या. तिसऱ्या वर्षी एचपीएलसीवर माझे पीक हळूहळू लहान होत होते. मी दिवा बदलला, सुधारणा झाली. मग कॉलम बदलला, पुन्हा सुधारणा. आता वहीत दिसलं, की दोन्ही दिवशी मी प्रमाण द्रावणही ताजं केलं होतं. द्रावण ठेवून ठेवून खराब होत होतं. माझे चार महिने त्यात गेले.

जॉन प्लॅट यांचा १९६४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेला 'स्ट्राँग इन्फरन्स' हा लेख तुम्ही प्रवेशाआधी जरूर वाचा. त्याचं सार असं: एकाऐवजी अनेक गृहीतकं मांडा, त्यातलं निदान एक बाद करील असा प्रयोग आखा, तो नेटका करा आणि उरलेल्यांसाठी पुन्हा तेच करा. त्याला मी माझ्या अनुभवाची जोड देते:

१. 'सुधारणा झाली' असं लिहिताना त्या दिवशी आणखी काय काय बदललं, तेही लिहा.
२. बिघाड परत आला तर वैतागू नका. कधी येतो आणि कधी येत नाही, ही सगळ्यात मोलाची माहिती आहे.
३. प्रयोगाआधी स्वतःला विचारा, उत्तर 'नाही' आलं तर मला काही कळेल का? कळणार नसेल तर प्रयोग बदला.
४. तुलनेच्या दोन्ही बाजू सारख्या ठेवा. कॅन जमिनीवरच.
५. बदल उलटा करून पाहा. बिघाड परत आणता आला, तरच कारण सापडलं म्हणा.
६. अंदाज आकड्यात लिहा आणि आधी लिहा.

आता एक काम करा. तुमच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाची वही उघडा, 'यामुळे सुधारणा झाली' असं एक वाक्य शोधा आणि त्याच दिवशी बदललेल्या बाकी गोष्टी त्याच्या समासात लिहा. मला माझ्या वहीत अशी सात वाक्यं सापडली. त्यातली दोन प्रबंधाच्या कच्च्या प्रकरणात जाऊन बसली होती. ते प्रयोग मी सध्या पुन्हा करते आहे.