हप्ता तोच, मुदत वाढली!

व्याकरण शिकवणाऱ्याला व्याजाचे गणित कोठून कळावे? गृहकर्जाचा हप्ता तेवढाच राहिला, म्हणून मी निर्धास्त होतो. पण महागाई आवरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर नेला होता. बँकांना मिळणारा उसना पैसा महागला, तसे रेपोशी बांधलेले माझे कर्जही महागले. बँकेने हप्त्याऐवजी मुदत वाढवली. ती माझ्या सेवानिवृत्तीपलीकडे गेली! आमच्या हिने नव्या सोफ्याचा बेत रद्द करून हप्ताच वाढवून घ्यायला लावला. घरोघरचे असे रद्द झालेले बेत, हीच महागाई उतरवण्याची युक्ती! हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची मुभा कर्जदाराला द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावले. तेव्हा वाचकहो, बँकेचा कागद वाचल्याशिवाय ठेवू नका!