संगणकावरील विद्युत आकृतीतील जोडणी

परिपथाची पाटी शाळेत तयार करावयाची झाल्यास प्रथम संगणकावर तिची आकृती काढावी लागते. मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्पाची ‘ईसिम’ ही आज्ञावली याकरिता विनामूल्य मिळते. तिच्यातील आकृतिलेखन १९९२ साली आरंभ झालेल्या ‘कीकॅड’च्या साहाय्याने होते.

येथे एक भेद ध्यानी ठेवावा. कागदावर रेषेजवळ रेषा आली की डोळा जोड मानतो; संगणक मात्र तार घटकाच्या नेमक्या टोकावर पोहोचली, तरच मानतो. सुट्या टोकावर लहान वर्तुळ दिसते. जोड साधताच ते नाहीसे होते. एकमेकींना केवळ छेदणाऱ्या तारा जोडल्या जात नाहीत. तेथे ठिपका लागतो. दूरच्या दोन तारांना एकच नाव दिल्यास मधली रेषा न काढताही त्या एक होतात. जाळीचे अंतर ५० मिल, म्हणजे १.२७ मिलिमीटर, कायम ठेवावे. एरवी टोके चुकतात.

आपल्या जिल्ह्यातील एका शाळेत फेरिक क्लोराइडने कोरलेल्या पाटीवरील दिवा लागेना. डाग देणारी मुलगी आपलाच हात चुकला असे समजून खिन्न झाली. वस्तुतः आकृतीतील एक तार टोकापासून केसभर दूर राहिली होती. त्यामुळे पाटीवर तांब्याची ती वाटच उमटली नव्हती.

विरघळलेले तांबे परत येत नाही. यास्तव छपाईपूर्वी विद्युतनियमांची तपासणी अवश्य चालवावी. ती सुटे टोक दाखविते. परंतु जोड योग्य ठिकाणी आहे की नाही, हे मुलांनीच बोट ठेवून ताडून पाहावे.