सगळ्यांचं एकच पुस्तक

एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाने तिसरी-चौथीतल्या कवितेची एक ओळ म्हणावी आणि पुढची ओळ आपल्या तोंडून आपोआप निघावी, हा अनुभव महाराष्ट्रात कुणालाही येतो. एक वाढलेला सावंतवाडीत, दुसरा गोंदियात. पण पाठ केलेली कविता तीच. या सामाईक आठवणीमागे पुण्यातली एक संस्था आहे: बालभारती.

तिचं पूर्ण नाव महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ. स्थापना २७ जानेवारी १९६७ची. त्याआधी शाळांत खासगी प्रकाशकांच्या वाचनमाला चालत. आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने तर मुलांना मराठीची गोडी लावली. मंडळ आल्यावर चांगलं आणि स्वस्त पुस्तक राज्यभर सारखंच पोहोचू लागलं. मराठीबरोबर उर्दू, हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठीही पुस्तकं निघाली. १९७१मध्ये ‘किशोर’ मासिक सुरू झालं आणि अभ्यासापलीकडचं वाचनही घरी येऊ लागलं.

या पुस्तकाचं एक पान मुलं कधी वाचत नाहीत. त्यावर विषय समितीच्या सदस्यांची नावं असतात; मुखपृष्ठ व सजावट कुणाची, अक्षरजुळणी कुणाची, छपाई कुठली, हे असतं. कागदाचीही नोंद असते: ७० जीएसएम क्रीमवोव्ह. धड्याखालचे कठीण शब्दांचे अर्थ, ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’, ‘कोण कोणास म्हणाले?’ यांतलं काहीच आपोआप येत नाही. आठ वर्षांच्या मुलाला कोणता शब्द अडेल, यावर जाणती माणसं बसून खल करतात, तेव्हा एक स्वाध्याय तयार होतो.

आमच्या लहानपणी नवं पुस्तक मिळणं ही चैन होती. वरच्या वर्गातल्या मुलाशी परीक्षेआधीच बोलणी करून ठेवायची, निकाल लागला की अर्ध्या किमतीत संच घरी आणायचा. मग आई खळ शिजवून सुटलेली पानं चिकटवायची, दाभणाने पुठ्ठा शिवायची आणि वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर चढायचं. आत आधीच्या मालकाने पेन्सिलीने भरलेल्या गाळलेल्या जागा असत आणि थोर पुरुषांना काढलेल्या मिशाही. आता सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तकं मोफत मिळतात. गरिबाच्या मुलाला कोरं पुस्तक मिळतं, ही मोठीच गोष्ट आहे.

प्रयोगही झाले. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून २०२३मध्ये पुस्तकांचे चार भाग करून त्यांत वहीची कोरी पानं जोडली. मुलं तरीही वेगळ्या वह्या नेतच राहिली. २०२५मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. जुनी पुस्तकं मात्र मंडळाने संकेतस्थळावर खुली केली आहेत आणि पन्नाशीतली माणसं आपली दुसरीची कविता तिथे शोधून काढतात.

शहरांत आता एकाच इमारतीतली मुलं तीन वेगवेगळ्या बोर्डांत शिकतात. शिक्षण कुठलंही घ्यावं. पण शेतमजुराच्या आणि कलेक्टरच्या मुलाला एकच धडा वाचायला लावणारी दुसरी व्यवस्था आपल्याकडे नाही. म्हणून राज्याचं पुस्तक उत्तमच असलं पाहिजे. ते केवळ ज्यांना दुसरा पर्याय नाही त्यांच्यापुरतं उरलं, तर त्याच्या दर्जासाठी भांडणारंही कुणी उरणार नाही.