प्रॉक्सीच्या मेमरीतून काय सांडतं? स्क्विडमधली एक त्रुटी

आज आपण प्रॉक्सी सर्व्हरच्या मेमरीतली एक त्रुटी समजून घेणार आहोत. विषय तांत्रिक आहे, पण बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावातल्या संगणक कक्षालाही तो लागू पडतो. म्हणून सावकाश जाऊ.

प्रॉक्सी म्हणजे मोंढ्यातला अडत्या. कक्षातल्या सगळ्या संगणकांची मागणी तो बाहेर नेतो, उत्तर आणून देतो, आणि पुन्हा लागेल म्हणून जवळ जपून ठेवतो. या कामासाठी जगभर वापरलं जाणारं मोफत सॉफ्टवेअर म्हणजे स्क्विड. ते १९९६ पासून चालू आहे आणि आज सी प्लस प्लस भाषेत लिहिलेलं आहे. या भाषेत मेमरीचा हिशोब बराचसा प्रोग्रामरलाच ठेवावा लागतो.

हिशोब चुकला तर काय होतं? पोत्यात मावतं पन्नास किलो आणि ओतलं साठ, तर वरचं दहा किलो शेजारच्या मालात मिसळतं. हा झाला बफर ओव्हरफ्लो. दुसरी गंमत अशी, की पोतं झटकलंच नाही, तर आधीच्या गिऱ्हाइकाची तूर नव्या गिऱ्हाइकाच्या घरी जाते.

२०२५ मध्ये जाहीर झालेली सीव्हीई-२०२५-५४५७४ ही त्रुटी याच जातीची. वेबवर वस्तूचा पत्ता न देता तिचं कायमचं नाव द्यायची एक पद्धत आहे, यूआरएन. उदाहरणार्थ, पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक. १९९७ मध्ये तिचं मानक ठरलं. ब्राउझरमध्ये ती फारशी रुजली नाही, पण स्क्विडमध्ये तिची सोय राहिली. अशी मागणी प्रॉक्सीतून गेली आणि पलीकडच्या सर्व्हरने मुद्दाम वाकडं उत्तर धाडलं, तर स्क्विडचा बफर बिघडतो. मग मेमरीतला चार किलोबाइटपर्यंतचा मजकूर मागणाऱ्याच्या हाती पडू शकतो. बाहेरच्या माणसाचा प्रोग्राम आपल्या सर्व्हरवर चालण्याचीही शक्यता असते.

चार किलोबाइट म्हणजे किती? साधारण चार हजार इंग्रजी अक्षरं. एक पासवर्ड दहा-बारा अक्षरांचा! एचटीटीपीएसने जाणारा मजकूर प्रॉक्सीतून सहसा कुलूपबंदच जातो. पण प्रॉक्सीवर लॉगिन करायला विद्यार्थ्यांनी दिलेला पासवर्ड त्या मेमरीत असू शकतो. तोच पासवर्ड पोराने बँकेलाही ठेवला असेल, तर?

उपाय सोपा आहे. ६.३ पर्यंतच्या आवृत्त्यांत ही त्रुटी आहे, ६.४ मध्ये ती दुरुस्त झाली. मात्र डेबियन, उबुंटूसारख्या प्रणाली जुन्याच आवृत्तीला ठिगळ लावतात, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका, त्यांची सुरक्षा सूचना बघा. अपडेट लगेच जमत नसेल, तर कॉन्फिगरेशन फाइलमध्ये यूआरएनला मनाई करणारा नियम लिहा. तो परवानगीच्या नियमांच्या वर हवा, कारण स्क्विड वरून खाली वाचतो आणि जो नियम आधी जुळेल तोच धरतो.

यातून आपण एवढं घेऊ: जे दार कोणी वापरत नाही, त्याच्या कडीकडे कोणी बघतही नाही. आपल्या सर्व्हरवर अशी दारं किती आहेत, ते या आठवड्यात मोजून बघा. आता प्रश्न घेऊ.