उसाचे सरासरी वजन फसवते. गटवार तक्ता करून पाहा

एकरी ४० हजार ऊस आणि प्रत्येकाचे वजन अडीच किलो, म्हणजे १०० टन. हा हिशेब बहुतेक ऊस उत्पादकांना तोंडपाठ असतो. मग ऊस मोजून भरतात, पण टनेज का भरत नाही? याचे उत्तर एकट्या सरासरीत सापडत नाही.

उंब्रजजवळ तारळी नदी कृष्णेला मिळते. या भागात काठाला काळी भारी जमीन, तर वरच्या अंगाला हलकी, मुरमाड जमीन आढळते. काही वेळा एकाच प्लॉटमध्ये दोन्ही प्रकार येतात.

नमुना कसा घ्यावा?

तोडणीच्या दिवशी मोळ्या बांधण्यापूर्वी प्लॉटमधील ५ ठिकाणे निवडा. बांधाकडेच्या सऱ्या टाळा. प्रत्येक ठिकाणचे सलग ८ ऊस, वाढे व पाचट काढून, एकेक करून वजन करा. चांगले ऊस निवडून घेऊ नका. वजनासोबत ठिकाणही लिहा.

स्प्रेडशीटमध्ये काय करावे?

१) ए स्तंभात दुसऱ्या ओळीपासून ४० वजने भरा, बी स्तंभात ठिकाण लिहा.
२) सी स्तंभात गटांच्या वरच्या मर्यादा लिहा : १, १.५, २, २.५, ३, ३.५.
३) डी२ मध्ये हे सूत्र इंग्रजी अक्षरांत टाइप करा : =फ्रिक्वेन्सी(ए२:ए४१, सी२:सी७). प्रत्येक गटातील उसांची संख्या खाली उमटते. बरोबर दीड किलोचा ऊस १ ते १.५ या गटात मोजला जातो. शेवटचा जादा आकडा साडेतीन किलोच्या वरच्या उसांचा असतो.
४) आलेखासाठी ए स्तंभ निवडून गुगल शीट्समध्ये इन्सर्ट, चार्ट व त्यातील हिस्टोग्राम हा प्रकार घ्या. गटाची रुंदी अर्धा किलो ठेवा. रुंदी फार मोठी घेतली तर फरक झाकला जातो, फार लहान घेतली तर आलेख विस्कळीत दिसतो.

आलेख कसा वाचावा?

समजा, संख्या अशा आल्या :
०.५ ते १ किलो : ६
१ ते १.५ किलो : १०
१.५ ते २ किलो : ४
२ ते २.५ किलो : ११
२.५ ते ३ किलो : ७
३ ते ३.५ किलो : २

सरासरी येते सुमारे १.८६ किलो, म्हणजे ४० हजार उसांचे ७४ टन. पण सरासरी ज्या गटात पडते, त्यात फक्त ४ ऊस आहेत! आलेखाला दोन उंचवटे दिसतात. म्हणजे सगळा ऊस मध्यम नाही. काही चांगला, काही किरकोळ आहे.

आता बी स्तंभ पाहा. हलके ऊस एकाच ठिकाणचे असतील, तर तेथील निचरा व पाणी तपासा आणि त्या भागाचे माती परीक्षण वेगळे करा. जमीन क्षारपड निघाली, तर पुढील लागणीस पाडेगाव संशोधन केंद्राचा फुले २६५ हा तग धरणारा वाण विचारात घ्या. हलके ऊस सगळीकडे विखुरलेले असतील, तर उशिरा आलेले फुटवे व दाटी यांकडे लक्ष द्या.

आलेखात एकच उंचवटा असेल आणि तोच कमी वजनाकडे असेल, तरच संपूर्ण प्लॉटच्या खत-पाणी नियोजनात बदल करावा. नाहीतर चांगल्या उसाला जादा खत पडते आणि किरकोळ ऊस तसाच राहतो.